आत शिसं, वर रेशीम

ही गोष्ट दोन हजार तेवीस सालची. अधिक श्रावणाचं वर्ष होतं ते. अधिक आला की जळगावच्या सराफ बाजारात जावयांची चंगळ असते. चांदीची निरांजनं, तबकं, वाट्या यांचे ढीग लागतात, आणि श्रावणात घरोघर बसणारी खानदेशची कानबाई देवी महिनाभर पुढे जाते. त्या वर्षीही ती ऑगस्ट सरता सरता बसली. सुनंदाबाईंचं जे काही झालं ते त्या लांबलेल्या महिन्यात झालं.

सुनंदाबाई पोत गाठवायच्या. योगराजशेठच्या पेढीच्या ओट्यावर, डाव्या कोपऱ्यात त्यांची गादी होती. कुणाचं मंगळसूत्र तुटलं, दोरा काळवंडला, दोन मणी वाढवायचे झाले की बाई त्यांच्याकडे येई. सुनंदाबाई पायाच्या अंगठ्याला रेशमाचा फास अडकवायच्या, दोरा ताणून धरायच्या आणि मणी, गाठ, मणी, गाठ करत शेवटी जरीचा गोंडा बांधून पोत हातात द्यायच्या. त्याच कोपऱ्यात आधी त्यांचे सासरे झुलालनाना बसत. तेव्हा या गल्लीत पोत गाठवणाऱ्या पटव्यांची रांग होती. सकाळी गल्लीत शिरलं की ताणलेल्या अंगठ्यांची ओळच दिसायची. मग मशीनच्या साखळ्या आल्या, आणि एकेक अंगठा उठून गेला.

सुनंदाबाई टिकल्या त्या एका गोष्टीवर. बाई गळ्यातलं सोनं त्यांच्या ताटलीत टाकायची आणि पाठ फिरवून भाजी घ्यायला जायची. मणी मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे हा प्रकार बाकीच्या पटव्यांकडे असे. इथे नव्हता. एखादी नवी सून मोजायला लागली तर सासूच तिचा हात धरायची, "अक्कांकडे मोजत नसतात." हे वाक्य सुनंदाबाई रोज कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकायच्या आणि ऐकलंच नाही असं दाखवायच्या. नवरा लवकर गेला होता, घर दोन खोल्यांचं होतं. मिरवावं असं त्यांच्याकडे हे एवढंच होतं.

एकुलता एक मुलगा कुंदन या धंद्यात आला नाही. "बायकांच्या गळ्यातले दोरे बांधत बसू का?" असं म्हणून तो आधी ठिबकच्या कारखान्यात गेला, तिथून पुण्याला हॉटेलात, आणि तिथून थेट हिमाचलात, कुल्लूच्या बाजूला नदीकाठच्या एका गेस्ट हाऊसवर मॅनेजर झाला. आई फोनवर विचारायची, बिबडे पाठवू का, कळण्याचं पीठ पाठवू का. तो म्हणायचा, इथे सगळं मिळतं. ज्वारीचे बिबडे कुल्लूत कोण वाळत घालतं, हे सुनंदाबाईंनी कधी विचारलं नाही.

आणि त्या जुलैत, तिकडे मोठा पूर येऊन गेल्यावर, त्याचा भर दुपारी फोन आला.

"आई, तुझ्याकडे बारीक रेशीम असतं ना? तपकिरी?"

सुनंदाबाईंनी हातातली पोत खाली ठेवली. इतक्या वर्षांत मुलाने पहिल्यांदा त्यांच्याकडे काही मागितलं होतं.

मागणं असं होतं. त्याच्या नदीत ट्राउट नावाचा मासा असतो. तो पकडायला देशोदेशीचे लोक पैसे मोजून येतात. गांडूळ लावून पकडणं त्यांना कमीपणाचं वाटतं, म्हणून गळाच्या आकड्यावर दोरा आणि पिसं बांधून पाण्यातल्या किड्याची नक्कल करतात. अशा नकली किड्यांचा कुंदनचा भरलेला डबा पुरात वाहून गेला होता. परदेशातून नवे यायला वेळ लागणार, आणि सप्टेंबरात पाहुणे यायचे.

"एकदम साधा किडा आहे, आई. आकडा, त्याच्या डोक्याशी सोनेरी मणी, अंगाला मोरपिसाचे तंतू, वरून तांब्याची बारीक तार. तू डोळे मिटून करशील."

"मासा?" सुनंदाबाईंनी विचारलं. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती.

"हो. ते सगळं नंतर सांगतो. तुला जमेल का ते सांग."

आता चाळीस वर्षं पोती गाठवलेल्या बाईला कुणी जमेल का म्हणून विचारलं, की पुढे मासा आहे की मगर आहे हे ऐकू येत नाही. "पाठव आकडे," त्या म्हणाल्या.

आकडे कुरिअरने आले, सोबत नमुन्याचा एक किडा. मोरपीस त्यांनी देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णामागून काढलं, त्याला सांगून. तांब्याची तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे पडलेलीच असते. राहिला मणी. तो शेजारच्या ओट्यावरच्या कय्युमभाईंकडे होता.

कय्युमभाई लाख भरायचे. सोन्याचा मणी म्हणजे आतून पोकळ, कागदासारखा पातळ पत्रा. दाबला तर चेपायचा. म्हणून त्यात लाख भरतात. मणी टपोरा दिसतो, सोनं नावाला लागतं. गिल्टाचे तसले मणीही ते करायचे. सुनंदाबाईंनी बाजरीएवढे मणी मागितले तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"कशाला, अक्का?"

"पहाडी बायकांचं कानातलं करायचंय. कुंदनने मागवलंय."

माशाचं नाव या गल्लीत काढायची सोय नव्हती. अर्धी गल्ली कांदा खात नव्हती, आणि उरलेल्या अर्ध्या गल्लीच्या बायका सुनंदाबाईंच्याच भजनी मंडळात होत्या.

कय्युमभाईंनी आकडा उलटसुलट करून पाहिला. "कानाचा आकडा असा वाकडा?"

"त्यांचे कान तसे असतील."

"असतील बुवा," कय्युमभाई म्हणाले आणि मणी मोजू लागले.

फोनवरच्या व्हिडिओत एक दाढीवाला गोरा माणूस आकडा टेबलावरच्या शिकंज्यात धरून त्याच्याभोवती दोरा फिरवत होता. सुनंदाबाईंनी कय्युमभाईंचा हातशिकंजा आणला, पण दोरा घेतला तो अंगठ्याला अडकवूनच. दाढीवाला दर दोन वेढ्यांना थांबून बोलायचा. त्यांना बोलायचं नव्हतं, म्हणून त्यांचं काम लवकर उरकलं. एकेक किडा असा झाला की देवीच्या नाकात घालावा. आणि हातच्या सवयीने प्रत्येकाच्या शेपटीला त्यांनी एक इवला जरीचा गोंडाही बांधला.

पहिला डबा पोचला तसा कुंदनचा फोन आला.

"आई, फार सुंदर झालेत."

"मग?"

"इतके सुंदर नकोत. माशाला अळी वाटली पाहिजे. त्या अळीच्या अंगावर जरीकाम नसतं."

"नमुन्यातल्या अळीच्या डोक्यावर सोन्याचा मणी आहे तो चालतो?"

"तो चालतो. तेवढा चालतो. पण गोंडा काढ. आणि मणी कशाचे घातलेस?"

"कय्युमचे. आत लाख."

"तरीच. आई, ते बुडत नाहीत गं. मासा बसलाय तळाशी, दगडाच्या आड. आणि आपला किडा त्याच्या डोक्यावरून नाचत नाचत पुढच्या गावाला. पाण्याला धार असते इथे."

"मग मणी जरा मोठा लावते."

"मोठा नको. बारीकच पाहिजे, पण जड. आत अंगभर शिशाची तार गुंडाळ आणि वरून रेशीम घे. बाहेरून दिसता कामा नये."

कुंदनला वाटलं रेंज गेली.

या गल्लीची सगळी कारागिरी पिढ्यान्‌पिढ्या एकाच दिशेने चालत आली आहे: दिसायला घसघशीत, वजनाला फूल. लग्नाला आलेल्या पाहुण्याला पोत लांबून नजरेत भरायला हवी आणि बापाला जड जायला नको. सुनंदाबाईंना बारीक दिसेल आणि भारी भरेल असं काही करायला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. आणि शिसं तर ओट्यावर यायचंच नाही. कणभर शिसं सोन्यात उतरलं तर सोनं ठिसूळ होतं, हे झालं कामाचं कारण. खरं कारण दुसरंच होतं. आत शिसं आणि वर सोनं, हे या बाजारात एकाच माणसाचं काम असतं, आणि त्या माणसाला पोलीस शोधत असतात. झुलालनाना कय्युमच्या वडिलांना त्यांचा पत्रा ठोकायचा शिशाचा ठोकळासुद्धा ओट्याच्या पायरीवर ठेवू द्यायचे नाहीत.

"कय्युम," त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "फसवणूक म्हणजे काय रे?"

"सकाळी सकाळी?"

"आत एक आणि बाहेर एक. पण घेणाऱ्याला तेच पाहिजे असेल तर?"

"घेणाऱ्याला माहीत असेल तर फसवणूक कुठली?"

"घेणाऱ्याला माहीत आहे. ज्याच्यासाठी घेतो त्याला माहीत नाही."

कय्युमभाईंनी लाखेची कांडी बाजूला ठेवली. "अक्का, हे कानातलं नाहीये."

मग त्यांना सांगावंच लागलं. कय्युमभाई हसले नाहीत, निदान तोंडाने नाही. उठून ते बॅटरीवाल्याकडे गेले आणि शिशाची बारीक तार ओढून घेऊन आले. वर म्हणाले, "मासा काही पोलिसांत जायचा नाही."

सुनंदाबाईंनी तार हातात घेतली. ती मऊ होती, सांगाल तशी वळत होती. सोन्यापेक्षा गुणी म्हणायची. मण्यामागे त्यांनी तिचे वेढे दाबून बसवले, ते सरकू नयेत म्हणून मागून पुढून रेशमाने आवळले, मोरपिसाचे चार तंतू शेपटीला ठेवले, उरलेले अंगभर गुंडाळले आणि तांब्याची तार उलट बाजूने विरळ फिरवून मण्यापाशी आणली. शेवटी दोरा त्याच्याच वेढ्यांखालून ओढून घेतला. गाठ दिसली नाही. किडा तळहातावर टाकला तर टपकन पडला. चिमुकला, कळकट, आणि जड. गोंडा न बांधता काम हातावेगळं करताना त्यांना उघड्या डोक्याने देवळात गेल्यासारखं झालं, पण किडा किड्यासारखा दिसत होता.

दोन दिवसांत त्यांचा हात बसला आणि गडबड तिथेच झाली. हात बसला की माणूस आजूबाजूला बघायचं विसरतो.

कानबाई तोंडावर आली होती. शेवंताबाई आपली पोत न्यायला आल्या. भजनी मंडळाच्या त्या प्रमुख. माहेर धुळ्याचं आणि बोलणं अजून तिकडचंच. पोत तयार होती, पण शेवंताबाई टेकल्या. टेकल्या म्हणजे बघू लागल्या.

"हाई काय शे, अक्का?"

"पहाडी बायकांचं कानातलं."

"नी हाई तार?"

"शिसं."

"कानातल्यामा शिसं?"

"वजनाला लागतं."

शेवंताबाई वाकून बघत राहिल्या. सुनंदाबाईंचा दोरा शिशावरून फिरत होता, वेढ्याला वेढा लावून. बघता बघता शिसं नाहीसं झालं आणि वर सोनेरी मणी तेवढा उरला.

"वरून काहीच दिसत नही," शेवंताबाई म्हणाल्या.

"दिसायला नकोच आहे," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांच्या आवाजात थोडी ऐट होती. काम खरंच चांगलं झालं होतं.

शेवंताबाईंनी आपली पोत उचलली. घालायच्या ऐवजी रुमालात बांधली आणि गेल्या.

त्यानंतर कुणी भांडायला आलं नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं पुढे सुनंदाबाईंना वाटलं. एकेक जण नुसती गोड बोलून गेली. "यंदा साखळीच घालते, अक्का, उकडतं फार." "राहू द्या, तशीच द्या पोत, घाई नाही काही." कानबाईच्या आधीच्या आठवड्यात या ओट्यावर पाय ठेवायला जागा नसायची. सुनंदाबाई रिकाम्या ताटलीपुढे बसून किडे बांधत राहिल्या, कारण दुसरं काम नव्हतं. आणि जी येई ती त्यांना नेमकं तेच करताना पाहून जाई.

एक सासू-सुनेची जोडी आली. सुनेने ताटलीत मणी टाकता टाकता मोठ्याने मोजले. सुनंदाबाईंनी सासूकडे पाहिलं. सासू रस्त्यावरच्या रिक्षा बघत होती.

त्या संध्याकाळी योगराजशेठ बाहेर आले आणि ओट्यावर बसले. लहानपणी याच ओट्यावर ते सुनंदाबाईंच्या रेशमाच्या लडी गुंतवून ठेवायचे.

"अक्का, गल्लीत बोलतात, मण्यांत शिसं भरता म्हणून."

"तुझा विश्वास आहे का नाही?"

"माझा आहे हो. पण माझा असून काय करू? सोनं बायकांचं आहे." त्यांनी एक किडा उचलला. "हे आहे काय? खरंच कानातलं असतं तर आमच्या भाविकाने एव्हाना त्याचा फोटो टाकून ऑर्डरी घेतल्या असत्या."

भाविका म्हणजे त्यांची सून. पेढीचा हिशेब आणि फोनवरची जाहिरात आता तिच्याकडे होती. आतून काचेतून ती बघतच होती.

"सांगते," सुनंदाबाई म्हणाल्या. "कानबाई उठू दे."

शेठ आत गेल्यावर त्या कय्युमभाईंकडे वळल्या. "काय सांगू रे? कानातलं म्हटलं तर चोर. खरं सांगितलं तर गळ्यात माळ घालून मासे मारते म्हणतील."

कय्युमभाईंनी दोन्ही बाजू तोलून पाहिल्या. "चोर ठरलात तर ओटा जाईल. मासेवाली ठरलात तर भजन जाईल. भजन आठवड्यातून एकदा असतं, अक्का."

रविवारी कानबाई बसली, सोमवारी विसर्जनाला नदीवर गेली. घरोघरचे प्रसादाचे रोट संपले आणि बायका मोकळ्या झाल्या. मग शेवंताबाई मंडळातल्या चार जणींना घेऊन पेढीवर आल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मागे गाठवून नेलेल्या पोती सगळ्यांच्या समोर सोडायच्या, मणी शेठच्या काट्यावर घालायचे.

"मी काही कोनले चोर म्हनत नही," शेवंताबाई म्हणाल्या. "बठ्ठ्या बाया म्हनतस, म्हनून उनू." सगळ्या बायका म्हणतात म्हणून आले, असं त्यांचं.

सुनंदाबाई उभ्या राहिल्या. गुडघे दुखायचे म्हणून त्या ओट्यावर सहसा उभ्या राहत नसत.

"ते कानातलं नाही," त्या म्हणाल्या. "मासे धरायचा किडा आहे. पाण्यात बुडायला पाहिजे म्हणून शिसं. माशाला कळू नये म्हणून वर रेशीम. मी खोटं बोलले ते माळेच्या लाजेनं. तुमच्या मण्यांत लाख आहे आणि सोनं आहे, दुसरं काही नाही. सोडा पोती."

शेठनी गड्याला बादली आणायला सांगितली. सुनंदाबाईंनी पहिल्या डब्यातला उरलेला गोंड्याचा किडा पाण्यात टाकला; तो तोऱ्यात वरच्या वर फिरत राहिला. दुसरा, शिशाचा टाकला. तो सरळ तळाला गेला. पाचही बायका वाकून बादलीत बघत होत्या, कय्युमभाई बघत होते, काट्याजवळचं गिऱ्हाईकही बघत होतं.

"मंग तू मासा मारस," शेवंताबाई म्हणाल्या. आता त्यांच्या आवाजात राग कमी आणि उत्सुकता जास्त होती.

"मला काय माहीत ते काय करतात," सुनंदाबाई म्हणाल्या, आणि ते खरं होतं. नंतर सांगतो म्हणालेला कुंदन नंतर कधी बोललाच नव्हता.

भाविकाने सुनंदाबाईंच्या मोबाइलवरून कुंदनला फोन लावला आणि तो सगळ्यांना ऐकू जाईल असा धरला. मासे मारता का, असं आईने विचारलं तेव्हा कुंदनला वाटलं ती एकटीच आहे.

"अगं, मारत नाहीत," तो म्हणाला. "पकडतात, फोटो काढतात आणि सोडून देतात. आमच्याकडे नियमच आहे तसा."

"सोडून देतात?" सुनंदाबाई म्हणाल्या.

"हळूच. दुखू नये म्हणून आकड्याचा काटासुद्धा आम्ही दाबून टाकतो."

"सोडी देतस?" शेवंताबाईंनी फोनच्या जवळ तोंड नेलं. "मंग धरतस कसाले?"

कुंदनला हा प्रश्न त्याच्या नोकरीत कुणी विचारला नव्हता. "आनंद असतो तो, मावशी," तो शेवटी म्हणाला.

"भूक लागनी म्हनीसन धरतस, ते माले समजी," शेवंताबाई बाकीच्यांकडे वळून म्हणाल्या. "पन पैसा दीसन धरनं नी सोडी देनं?"

"मी मासे खातो, मला विचारा," कय्युमभाई म्हणाले. "हातात आलेला सोडणारा माणूस मी पाहिलेला नाही."

"म्हणजे जीव जात नाही," शेठ म्हणाले. त्यांना निकाल हवा होता, दुकान उघडं होतं.

जीव जात नाही, यावर मंडळाचं एकमत झालं. माळेला बाध नाही. शिसं माशासाठी होतं, हेही सर्वांना पटलं. एकीने तर सुनंदाबाईंचा हात हातात घेतला. पोती सोडायचं कुणी नाव काढलं नाही. शेवंताबाई जाता जाता म्हणाल्या, "अक्का, माले पहिलेच वाटे, तू तशी नही." सुनंदाबाईंनी मान हलवली. आपली अब्रू परत मिळाली म्हणून त्यांनी त्या संध्याकाळी बाळकृष्णापुढे खडीसाखर ठेवली.

चार दिवसांत बायका परत येऊ लागल्या. पहिली आली ती ओट्यावर न येता आधी आत पेढीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पोत होती आणि एक चिठ्ठी होती.

"वजन करून घेतलं," ती हसत म्हणाली. "तसं काही नाही हं, अक्का. पद्धत म्हणून."

पोत गाठवून झाल्यावर ती पुन्हा आत गेली.

दुसरीही तसंच करून आली. मग तिसरी. भाविकाने काट्यापाशी एक छोटी पाटी लावली होती: गाठवण्याआधी व नंतर वजन मोफत करून मिळेल. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. सुनंदाबाईंची बाजू भक्कम व्हावी म्हणूनच तिने ते केलं, आणि गंमत अशी की प्रत्येक पोत गाठवल्यावर किंचित जास्तच भरायची, कारण नव्या रेशमाचं आणि गोंड्याचं वजन त्यात आलेलं असे. बायका दोन्ही चिठ्ठ्या सुनंदाबाईंना दाखवायच्या. "बघा अक्का, वाढलंच." कुणाला संशय नव्हता. सगळ्या जणी तिथे बसून राहायच्या, गप्पा मारायच्या, शेवटचा मणी दोऱ्यात जाईपर्यंत त्यांच्या बोटांकडे बघत. भाजीला कुणी जात नव्हतं.

सुनंदाबाईंनी हे पितृपक्ष सुरू होईपर्यंत पाहिलं. एकदा एक बाई म्हणाली, "तुमच्याइतकं चोख काम नाही, अक्का. दर वेळी काट्यावर उतरतं." सुनंदाबाईंनी तिची पोत पुरी केली, गोंडा बांधला, आणि गादीची गुंडाळी केली. योगराजशेठ धावत बाहेर आले.

"कुणी काही बोललं का, अक्का?"

"नाही रे. सगळ्या चांगलंच बोलतात."

"मग?"

"काट्याला मी कशाला लागते?" त्या म्हणाल्या. "मोजायचंच असेल तर कुणीही गाठवेल."

शेठनी कोपऱ्यातली ती जागा तशीच ठेवतो म्हणून सांगितलं, आणि दिवाळीपर्यंत खरंच ठेवली.

नंतर तिथे काचेचं दार झालं. योगराजशेठ आता साखरेच्या दुखण्यामुळे अर्धा दिवसच पेढीवर बसतात, वातानुकूलित बसतात. भाविकाने शिरपूरला दुसरी शाखा काढली. तिथे ती पाटी मोठ्या अक्षरांत आहे आणि लोक तिचं कौतुक करतात.

कय्युमभाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ऑपरेशन चांगलं झालं, पण लाखेचं काम त्यांनी सोडलं. मुलगा अल्तमश त्याच ओट्यावर मोबाइलची कव्हरं विकतो, आणि कय्युमभाई त्याच्यामागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की एके काळी आपण माशासाठी शिसं आणलं होतं.

शेवंताबाई धुळ्याला लेकीकडे राहायला गेल्या. जाण्याआधी त्यांनी जुनी पोत मोडून साखळी केली. मोडताना सगळे मणी फोडले. लाख निघाली आणि सोनं निघालं. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, सोनाराने सांगितलं.

कुंदन अजून हिमाचलातच आहे. आईने बांधलेले किडे तो छोट्या डब्यांतून पाहुण्यांना विकतो. डब्यावर 'हिमालयातली हस्तकला' असं इंग्रजीत छापलेलं आहे. मागच्या वर्षी तो चार दिवस जळगावला येऊन गेला आणि जाताना पिशवी भरून बिबडे घेऊन गेला.

सुनंदाबाई घरीच खिडकीपाशी बसून बांधतात. भजनाला जातात, पहिल्या ओळीत बसतात. कुंदनने पाठवलेला एक फोटो त्यांच्या फोनवर आहे: कुणी एक जर्मन म्हातारा दोन्ही हातांत मासा धरून उभा आहे, आणि माशाच्या ओठात किडा. मंडळातल्या बायकांना त्या तो दाखवतात. बायका मासा बघतात. सुनंदाबाई फोटो मोठा करून गाठ बघतात, आणि म्हणतात की हा सोडला असेल आता, केव्हाच.